कासवाची पाहणी

फार जुनी गोष्ट आहे, नद्यांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हाची. एका नदीकाठच्या रानात कोल्ह्याने एक सोय काढली होती. दर सुगीला प्रत्येक प्राण्याने आपल्या कंदमुळांतला वाटा त्याच्या कोठारात टाकायचा आणि पुरात कुणाचं घर गेलं, तर कोल्ह्याने नवं बांधून द्यायचं. बरीच वर्षं पूर आलाच नाही. कोठार भरत गेलं आणि कोल्ह्याचं पोटही सुटत गेलं.

मग एका पावसाळ्यात नदी रानात शिरली.

साळूचं बीळ काठासकट खचलं. दोन पिल्लांना घेऊन ती एका कपारीखाली जाऊन बसली. पिल्लांचे काटे अजून मऊ होते आणि बिबट्या रोज कपारीपर्यंत येऊन हुंगून जात होता. तिला बीळ हवं होतं आणि लवकर हवं होतं.

कोल्हा फार गोड बोलला. "वहिनी, बीळ देणारच. फक्त आधी पाहणी होऊ दे."

पाहणीचं काम त्याने कासवाला दिलं होतं. कासव प्रामाणिक होतं, यात शंका नाही. पण कोल्ह्याने त्याला नेमलं होतं ते त्याची चाल बघून. ते निघायचं, वाटेत कोवळा पाला दिसला की थांबायचं, मग ऊन चढलं म्हणून मान आत ओढून घ्यायचं. सशाचंही बीळ वाहून गेलं होतं; बिचारा वाट पाहून कंटाळला आणि त्याने स्वतःच नवं बीळ उकरलं. कोल्हा त्याला म्हणाला, तुला घर आहे की, मग नुकसान कसलं? साळूने उकरलं नव्हतं, तर तिला म्हणाला, आधी बीळ दाखवा.

"ते वाहून गेलं, हेच तर सांगतेय भाऊजी," साळू म्हणाली.

"मग ते होतं, हे कशावरून?"

हे सांगताना मला आजही संताप येतो. साळूलाही आला. काटे ताठ करून ती तडक राणीकडे निघाली आणि तिच्यामागे निम्मं रान निघालं.

रानाची राणी एक म्हातारी हत्तीण होती. तिने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि कोल्ह्याला बोलावलं. तो अगदी नम्रपणे म्हणाला, "मी नाही कुठे म्हणतोय, राणीसाहेब? चौकशी चालू आहे. ती नीट व्हायला नको?"

"व्हायलाच हवी," हत्तीण म्हणाली. "अजिबात घाई करू नकोस. फक्त ती संपेपर्यंत घर गेलेले सगळे तुझ्या घरी राहतील आणि तुझ्याच घरचं जेवतील. ज्यांनी वाट पाहून स्वतः घर केलं, त्यांचाही हक्क बुडणार नाही."

एवढ्यावरच भागलं म्हणून कोल्हा खूश झाला.

दुपारी पाहुणे आले. रानडुकराचं कुटुंब दारातच घोरू लागलं. उंदरांनी कोठार न विचारता शोधून काढलं. दुपारची झोप म्हणजे कोल्ह्याचा जीव की प्राण. तो जरा आडवा झाला, तोच साळू पिल्लांसह शेजारी पसरली. या कुशीवर वळला तरी टोचायचं, त्या कुशीवर वळला तरी टोचायचं.

"वहिनी, जरा सरकून घेता का?"

"घेतलं असतं भाऊजी, पण इकडे डुक्कर आहे."

ऊन उतरायच्या आत रानाने एक नवल पाहिलं. कोल्हा धापा टाकत पळत होता आणि त्याच्या पाठीवर कासव बसलं होतं. जरा हळू, मला नीट पाहू दे, असं कासव म्हणत होतं. कोल्हा म्हणत होता, पाहायचं काय त्यात, पूर आला होता हे सगळ्या रानाला ठाऊक आहे.

संध्याकाळी पाहणी संपली आणि लगेच कोल्ह्याचे सगळे भाऊबंद माती उकरायला लागले. साळूला उंच टेकाडावर अरुंद तोंडाचं, खोल बीळ मिळालं. बिबट्या तिथेही आला, बराच वेळ हुंगत बसला आणि उपाशीच परत गेला. पिल्लं आत गाढ झोपली होती. राणीने आपला हुकूम त्या रानाचा कायमचा कायदा केला.

तात्पर्य: उशिराची झळ उशीर करणाऱ्यालाच बसू लागली, की न्यायाला वेळ लागत नाही.