हातघाटाचा डोंगा

वैनगंगेच्या एका वळणावर पात्र एवढं रुंद होतं की पाणी वाहतंय की झोपलंय, हे काठावरून कळत नाही. तिथं आमचा घाट आहे. हातघाट म्हणतात त्याला. वरच्या अंगाला पूल झाला, त्यावरून एसटी जाते, ट्रक जातात, तरी खाली पाण्यात लाकडी डोंगा चालतोच. त्या डोंग्यात बसायची एक रीत आहे. आधी बसलेल्यानं नव्यानं चढणाऱ्याला हात द्यायचा आणि नदी पार होईपर्यंत तो सोडायचा नाही. डोंग्यात कोणीच नसेल तर डोंगा हाकणारा ढिवर स्वतः बांबू बाजूला ठेवून हात पुढं करतो, मगच माणूस चढतो. ओळख असो-नसो, जात कोणतीही असो, घरी भांडण झालेलं असो, हात द्यायचा. आणि विचारायचं काही नाही. कुठं चालला, कशाला चालला, तोंड असं का उतरलंय, काही म्हणजे काही नाही.

पाहुण्यांना याचं हसू येतं. शहरातले असले तर हात देण्याआधी रुमालाला पुसून घेतात. हसू द्यावं. नदीच्या मधोमध गेल्यावर त्यांचं हसणं आपोआप थांबतं, हे आम्ही पुष्कळदा पाहिलंय.

ही रीत डोमा ढिवरापासून सुरू झाली, असं सांगतात. हा डोमा मूळचा इथला नव्हे. वरच्या कुठल्याशा गावाहून तो आपला डोंगा घेऊन एकटाच प्रवाहाबरोबर खाली आला आणि या वळणावर थांबला. बायको नाही, मूल नाही, गणगोत नाही. घाटावर झोपडी बांधली आणि माणसं उतरवू लागला. हाताचा पक्का होता, पण तोंडाचा फटकळ. नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

त्याची नजर म्हणजे तागडी होती म्हणे. काठावर माणूस येऊन उभा राहिला की डोमा त्याला वरून खाली न्याहाळणार आणि डोंगा किती दबेल ते सांगणार. एखाद्याच्या बोचक्यात घरच्यांना चोरून बांधलेलं धान असलं, तर तेही त्याला दिसायचं. "दोन पायल्या जास्त हायेत तुह्या गाठोड्यात," तो चारचौघांत म्हणायचा, "बायकोले सांगून नाई निघाला का गा?" गावच्या पाटलांनाही त्यानं सोडलं नाही. "पाटील, तुमी एकलेच चला. तुमच्या संगं बकरी बी नाई बसत." पाटील चिडले, पण गेले एकटेच. कारण डोमाचा डोंगा कधी बुडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एक माणूस जास्त झाला की तो उतरवायचा. मग कोणी पाया पडो की शिव्या देवो.

लोक म्हणायचे, याच्या छातीत काळजाच्या जागी गोटा आहे.

गोटा नव्हता. डोमाला एक मुलगी होती, चिंधी. आई लहानपणीच गेली, म्हणून ती बापाबरोबर डोंग्यातच वाढली. पुढच्या टोकाला बसायची आणि पाण्यात हात सोडून गाणी म्हणायची. एका पुराच्या दिवशी डोंगा भरला होता, आणि काठावर एक माणूस हात जोडून उभा राहिला. डोमाला नाही म्हणवलं नाही. त्याला घेतलं. मध्यधारेत डोंगा कलंडला. सगळी माणसं हाताला लागली, चिंधीचा हात मात्र निसटला. त्यानंतर डोमानं ते गाव सोडलं आणि मुलीचं नाव तोंडातून काढणंही सोडलं. माणसं तोलायची सवय त्याला तिथून लागली. आमच्या घाटावर यातलं कोणालाच माहीत नव्हतं. कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्यानं सांगितलं नसतं.

मार्गशीर्षातली गोष्ट सांगतात. दुसऱ्या दिवशी पल्याडच्या गावचा बाजार होता. दिवस कलत आला होता आणि नदीवर धुकं धरू लागलं होतं. डोंग्यात एक कुंभार आपली मडकी घेऊन बसला होता, एक कोष्टी लुगड्यांचा गठ्ठा घेऊन, आणि दोघी सासू-सुना होत्या. अजून एका माणसाची जागा होती. तेवढ्यात एक बाई उतार उतरून आली. तिला या गावातलं कोणी ओळखत नव्हतं. पुढं तिचं नाव भागरता होतं असं कळलं, तेही खरं की लोकांनी ठेवलेलं, देव जाणे. अंगानं काडी. हातात काही नाही, डोक्यावर काही नाही, कडेवर काही नाही.

डोमानं तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. एवढ्याशा बाईला काय तोलायचं? "बस वो बाई," तो म्हणाला.

ती चढली, आणि डोंगा खाली गेला.

असा गेला की पाणी डोंग्याच्या काठाला येऊन टेकलं. मडकी खडखडली, सून किंचाळली, कोष्ट्यानं गठ्ठा छातीशी धरला.  या घाटावर डोमाची नजर कधी चुकली नव्हती.

"काय बांधलं हाय कमरेले?" तो ओरडला.

बाईनं पदर झटकून दाखवला. ओटी उलटी करून दाखवली. त्यात काहीच नव्हतं.

"मंग डोंगा काऊन दबला?"

"मले काय मालूम भाऊ," ती म्हणाली. "पण मले आज पल्याड जाचं हाय. आज नाई गेली तं जाऊन उपेग नाई."

डोंग्यातल्यांची कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणालं, करणीची दिसते. कोणी म्हणालं, काही तरी पाप करून आली असेल. डोमानं काठाला टेकलेलं पाणी पाहिलं. हात जोडून उभा राहिलेला तो पुरातला माणूस त्याच्या डोळ्यांपुढं आला. "उतर," तो म्हणाला. बाई उतरली. डोंगा लगेच वर आला. डोमानं बांबू रेटला आणि मागं वळून पाहिलं नाही.

पल्याड माणसं उतरवून तो परत आला तेव्हा सांज झाली होती. धुकं इतकं दाट झालं होतं की काठ हाताशी आल्यावरच दिसला. बाई तिथंच, पाण्यापाशी बसलेली होती. तिनं रडून घेतलं असतं, हातापाया पडली असती, तर डोमाला तिला हाकलणं सोपं गेलं असतं. ती नुसती पाण्याकडे पाहत होती.

डोमाला राहवलं नाही. "एकलीच बस पाहू," तो म्हणाला. ती बसली. डोंगा पुन्हा तसाच दबला. आत फक्त तो आणि ती, तरी पाणी काठाशी.

आता तो खरोखर घाबरला, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यानं केलं. तो रागावला. "काय हाय ते सांग. सांगशीन तं सोडतो."

बाईनं मान वर केली. "सांगासारखं असतं तं गावातच सांगून मोकळी नसती झाली का, भाऊ?"

 डोमानं पुन्हा उतर म्हटलं. ती पुन्हा उतरली. तो झोपडीकडे वळला, चूल पेटवायची म्हणून काटक्या गोळा करू लागला. त्याच्या कानावर पाण्याचा आवाज आला. एखादं जनावर सावकाश नदीत शिरावं तसा. त्यानं वळून पाहिलं. भागरता पायीच नदीत चालली होती. गुडघ्याएवढ्या पाण्यातून कमरेएवढ्या पाण्यात, कमरेएवढ्यातून छातीएवढ्या. तिला पोहता येत नव्हतं, हे तिच्या चालण्यावरून दिसत होतं. जीव द्यायलाही ती निघाली नव्हती. तिला पल्याड जायचं होतं, एवढंच.

डोमाच्या हातातल्या काटक्या गळून पडल्या. तो पळत पाण्यात शिरला आणि त्यानं तिचा हात धरला. तो हात बर्फासारखा गार होता. एकदा पाण्यात हातातून निसटलेला एक लहान हात त्याला आठवला, आणि हा हात काही त्यानं सोडला नाही. तसाच धरून तिला डोंग्यापाशी आणलं.

"चढ वो माय," तो म्हणाला. "बुडलो तं दोघं बुडू. पण तुले अशी जाऊ नाई देत."

ती चढली. तिच्यामागून तो चढला. हात हातातच होता. डोमानं डोळे मिटून घेतले आणि पाणी आत येण्याची वाट पाहत राहिला.

पाणी आत आलं नाही. डोंगा वर आला.

आधी त्याला वाटलं, भास आहे. मग त्यानं वाकून पाहिलं. डोंगा नुसता नेहमीच्या रेघेपर्यंत आला नव्हता, त्याच्याही वर आला होता. टीचभर लाकूड पाण्याबाहेर निघालं होतं. काळंकुट्ट, शेवाळलेलं लाकूड. डोंगा पाण्यावर असताना ती पट्टी डोमाला या घाटावर एकदाही दिसली नव्हती. रिकामा डोंगा तो एकटा घेऊन परतायचा, तेव्हाही ती पाण्याखालीच असायची. लाकूडच जड आहे, असं तो इतकी वर्षं समजत आला होता.

डोमा त्या काळ्या पट्टीकडे पाहत राहिला. साऱ्या गावाचं ओझं तोलणारा माणूस, पण स्वतःचं तोलायचं त्याच्या कधी मनातच आलं नाही! आणि मग बांधावरची माती ढासळावी तसा तो ढासळला. हमसून हमसून रडला. "चिंधे," एवढंच म्हणत राहिला. "चिंधे, माह्ये माय."

भागरतानं विचारलं नाही, चिंधी कोण. तिनं दुसरा हातही त्याच्या हातावर ठेवला.

त्यानंतर डोंगा कोणी चालवला ते सांगता येत नाही. बांबू तर आडवा पडला होता. म्हणतात की नदीनंच नेला. वर धुकं होतं, खाली धुकं होतं, आणि मधून डोंगा आवाज न करता सरकत होता. मासे बाजूनं पोहत होते. पाण्यात चांदण्या दिसत होत्या, आभाळात मात्र एकही दिसत नव्हती. कुठून तरी गाण्याचा आवाज येत होता, लहान मुलीच्या गळ्यातला, किंवा पल्याडच्या गावात कोणी म्हणत असेल. डोमानं ते कान देऊन ऐकलं आणि त्याला ते सोसवलं.

पल्याडचा काठ लागला. दूर कोणी कंदील घेऊन उभं होतं. भागरता उतरली आणि त्या उजेडाकडे चालू लागली. ती हलकी होऊन गेली असं कोणी सांगत नाही. आली तशीच वाकलेली गेली. ओझं तिचं तिच्यापाशीच होतं. फक्त नदी तेवढी तिला एकटीनं ओलांडावी लागली नव्हती. कंदील तिच्यापाशी आला, थोडा वेळ एका जागी थांबला, मग दोन सावल्या धुक्यात शिरल्या. ती वेळेवर पोचली होती.

दुसऱ्या दिवसापासून डोमा चढणाऱ्याला हात देऊ लागला. स्वभावाला औषध नसतं, तोंड काही बदललं नाही. "वाळलेल्या सोट्या, घरी जेवाले देत नाई का?" असं म्हणत म्हणत हात पुढं करायचा. पण कोणाच्या गाठोड्यात काय आहे ते त्यानं परत चारचौघांत सांगितलं नाही. चिंधीचं मात्र सांगितलं, विचारलं नसताना, एकदा पाटलांना नेताना. पाटलांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या खेपेला संगं पाटलीणबाईंना घेऊन आले. डोंगा बुडाला नाही.

आजही हातघाटावर हात दिल्याशिवाय डोंगा सुटत नाही. पाहुण्यांना गोष्ट सांगून झाली की ते हमखास विचारतात, त्या बाईला होतं तरी काय? नवरा आजारी होता की लेक टाकून दिलेली होती, की खरंच काही पाप? आम्हाला माहीत नाही. डोमानं तिला परत विचारलंच नाही, मग आम्हाला कुठून कळणार? एवढं ऐकून काही जण हिरमुसतात. गोष्ट अर्धीच सांगितली असं त्यांना वाटतं.

मागल्या उन्हाळ्यात एक जण आला होता. कपडे इस्त्रीचे, बोलणं मोठ्यानं, सारखी थट्टा. पल्याड जाऊन फोटो काढायचे होते त्याला. हात द्यायच्या रिवाजावर तर तो पोट धरून हसला. ढिवरानं हात पुढं केला. त्यानं तो हसत हसतच धरला आणि चढला. डोंगा आधी चार माणसं बसावीत तसा दबला, मग टीचभर वर आला. त्याचं हसू ओठावरच राहिलं. काठावर आम्ही चार-पाच जण बसलो होतो. सगळ्यांनी पाहिलं, आणि रीतीप्रमाणे सगळ्यांनीच नजर दुसरीकडे वळवली.