बोटांना कळलेले रंग

भाविकहो, केवळनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी निंबोऱ्याच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळात होता. ओवरीत एक घोंगडी आणि उशाला वीट, एवढाच त्यांचा संसार.

त्याच गावात सगुणा माळीण राहत असे. लहानपणी देवी आल्या आणि तिचे दोन्ही डोळे गेले. पण बाई मोठी हौशी! परसातलं एकेक फूल चाचपून पाही आणि हरखून जाई. झेंडू कसा गच्च भरलाय, शेवंतीच्या पाकळ्या कशा गार लागताहेत, कोंबड्याच्या तुऱ्याला कशी मखमल आलीय, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगताना तिला दिवस पुरत नसे. देवाचा हार रोज तीच गुंफी. त्या हारापलीकडे तिला जगात दुसरं काही नको होतं.

देवळाचे पुजारी भार्गवशास्त्री. माणूस विद्वान, पण ताठा भारी. कार्तिकातल्या उत्सवाच्या सकाळी त्यांनी सगुणेला पायरीवरच अडवलं.

"आंधळी असून तू रंगांची जोडी जुळवतेस, म्हणजे फुलं हुंगूनच ओळखत असणार. हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. आजपासून तुझा हार बंद."

सगुणेने फुलांची टोपली छातीशी धरली. "शास्त्रीबुवा, फुलं तोडताना, गुंफताना मी नाकाला पदर घट्ट बांधते हो. देवाच्या आधी मी वास घेईन होय? माझ्या बोटांना कळतं सगळं."

"बोटांना रंग कळतात म्हणे," शास्त्री हसले. त्यांच्या मागची चार टाळकीही हसली. सगुणेला रडूच कोसळलं.

महाराज ओवरीतून उठून आले. म्हणाले, "शास्त्रीबुवा, देव खोळंबलाय. आजचा हार तुम्हीच गुंफा. तुम्हाला तर डोळे आहेत."

शास्त्री ऐटीत टोपली पुढ्यात घेऊन बसले. सगुणा कान देऊन होती. फुलं खालीवर झाली, मग टोपलीची सळसळच थांबली. आणि मग तिच्या कानाशी अगदी बारीक आवाज आला.

"सगुणे, मला सगळं राखेसारखं दिसतंय गं. यातलं तांबडं कुठलं?"

दुसरी कुणी असती तर चार शब्द सुनावले असते. सगुणेने त्यांचा हात धरून टोपलीत नेला. "हा कोंबडा. हात फिरवा, मांजराच्या पाठीसारखा लागतो ना? माझ्या वाफ्यात तो तांबडाच येतो."

शास्त्रींनी बोट फिरवलं मात्र, तांबडा रंग लख्ख दिसू लागला! मग शेवंती हाताळली, पिवळा आला. झेंडूबरोबर केशरी आला. एवढी वर्षं हीच फुलं त्यांनी देवाला वाहिली होती, पण ती हाताला कशी लागतात हे त्यांना आज कळत होतं.

शेवटी सगुणेने त्यांच्या तळहातावर एक नाजूक, पातळ पाकळीचं फूल ठेवलं. "ही अबोली, शास्त्रीबुवा. हिला वासच नसतो. मग हिला मी कशी ओळखत असेन?"

शास्त्रींचे डोळे भरून आले. ते महाराजांच्या पायांवर वाकले, तसे महाराजांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "चुकलात. ते पाय तिकडे आहेत."

शास्त्री वळले आणि त्यांनी सगुणेच्या पायांवर डोकं टेकवलं. ती बिचारी गोंधळली. त्यांना उठवायला वाकली, तशी तिची बोटं त्यांच्या ओल्या गालाला लागली.

"हे काय हो, महाराज?"

"फूलच आहे, सगुणे," महाराज म्हणाले. "आत्ता उमललंय."