मेक्सिको कुठे रंगवायचा?

शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा काढताना हुदलीकरबाईंनी मेक्सिको उत्तर अमेरिकेत रंगवला, तेव्हा संस्थाध्यक्ष भाऊसाहेब रणभिसे सगळ्या शिक्षकांसमोर भडकले.

"स्पॅनिश बोलणारे सगळे देश दक्षिण अमेरिकेत! बदला, नाहीतर या राजीनाम्यावर सही करा."

बावीस वर्षांची नोकरी एका मेक्सिकोपायी जाणार होती. तरी बाई म्हणाल्या, "बदलते. पण भाऊसाहेब, इंदूरला तुमच्या सासुरवाडीत सगळे मराठीच बोलतात. मग इंदूरही महाराष्ट्रात रंगवू का?"

शिक्षक खो-खो हसले. भाऊसाहेबांनी राजीनामा खिशात घातला, पण जाता जाता ते नकाशापुढे थबकले.

"आणि हा स्पेन युरोपात कुणी नेऊन ठेवला?"

बाईंनी ब्रश खाली ठेवला. "भाऊसाहेब, तो राजीनामा द्या इकडे. सही करते."