ज्योत्स्नाच्या नावातली अक्षरं

“पण बाई, उत्तर तर बरोबर आलं होतं. मग ती यायची का थांबली?”

कर्णिक बाईंनी मान वर केली नाही. त्यांच्या पुढ्यात मोड आलेल्या वालांचं पातेलं होतं. दाणा चिमटीत धरायचा, हलकेच दाबायचा. साल बोटांत राहते आणि डाळिंबी ताटात पडते.

“कोण ती?”

“ज्योत्स्ना. आमच्या कोडिंग क्लबातली. सातवीत आहे.”

“आणि उत्तर कुणाचं?”

“तिच्याच प्रोग्रामचं.”

“हं...”

शार्दूलला हा ‘हं’ चांगला ओळखीचा होता. तंत्रनिकेतनात बाईंनीच त्याला प्रोग्राम लिहायला शिकवलं होतं. वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करणारा हा मुलगा परीक्षेला भीत नसे, निकालाला भीत नसे. या ‘हं’ला मात्र भीत असे.

बाई आता निवृत्त होऊन पेणला भावाच्या घराशेजारी राहत होत्या. शार्दूल सकाळच्या एसटीने आला होता. पेढे आणले होते. बाईंनी पुडा उघडून न पाहताच फडताळात ठेवला.

“सुरुवातीपासून सांग,” त्या म्हणाल्या.

सुरुवात अशी होती. पुण्याच्या कंपनीने घरून काम करायची मुभा दिली, तसा शार्दूल गावी परतला. परतल्यावर त्याला गावासाठी काहीतरी करावंसं वाटू लागलं. असं वाटणाऱ्या माणसाला गाव सहसा अडवत नाही. वाचनालयाच्या समितीने मागची खोली दिली. कुणीतरी जुने कॉम्प्युटर दिले. पुढच्या दालनात पेपर वाचणारी वडीलधारी मंडळी, मागच्या खोलीत मुलं, आणि मधल्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. ती पाटी मंडळी मुलांना दाखवायची आणि मुलं मंडळींना, कारण निवडणुकीच्या दिवसांत पुढच्याच दालनात जास्त आवाज असायचा.

पहिला धडा सोपा होता. आपलं नाव टाइप करायचं आणि त्यात किती अक्षरं आहेत ते कॉम्प्युटरने सांगायचं.

समरने नाव टाकलं. तीन.

ज्योत्स्नाने टाकलं. दहा.

“सर, हे चुकलंय,” ती म्हणाली. “माझ्या नावात दोनच अक्षरं आहेत. ज्यो आणि त्स्ना.”

“माझं तर बरोबर आलं,” समर म्हणाला. “तुझं नावच बिघडलंय. दुरुस्तीला टाक.”

“माझ्या आजीचं नाव आहे ते. सांगते तिला, तू काय म्हणालास ते.”

समरने लगेच आपल्या स्क्रीनकडे तोंड वळवलं. तिची आजी त्याच्याच आळीत राहायची.

शार्दूलने समजावून सांगितलं होतं. कॉम्प्युटर काना सुटा मोजतो, मात्रा सुटी मोजतो, अक्षराचा पाय मोडला की ती खूणही सुटी मोजतो. त्याला तसंच दिसतं. त्याच्या हिशेबाने दहा हेच बरोबर.

ज्योत्स्नाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “त्याला मराठी येत नाही, एवढंच ना? मग शिकवू की.”

हे सांगताना शार्दूल हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांचा हात मात्र थांबला.

“मग?”

“मग शिकवत बसली. दर रविवारी तेच. बाकीची मुलं पुढच्या धड्यावर गेली, खेळ बनवायला लागली, ही आपली एकाच नावावर अडून. आधी तिने काना-मात्रा मोजायच्या नाहीत असं लिहिलं. आठ आले. मग पाय मोडलेली खूण मोजायची नाही असं लिहिलं. पाच आले. मला म्हणाली, सर, पाय मोडलेला एकटा उभा राहत नाही, शेजारच्याला धरतो, ते त्याला सांगायला पाहिजे.”

“तिने म्हटलं असं?”

“असंच.”

शार्दूलने मूठभर वाल ओढून घेतले आणि सोलायला लागला. पहिल्याच दाण्याचे दोन तुकडे झाले.

“तू नको,” बाई म्हणाल्या. “चुरा करशील.”

त्याने हात पुसले.

“बरं. मग बिघडलं कुठे?”

“उद्घाटनात. ते क्लब सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी ठेवलं, वाचनालयाच्या अध्यक्षांना आधी सवड नव्हती. पडदा लावला होता. पालक आले होते. एकेका मुलाने आपलं काम दाखवायचं होतं. ज्योत्स्नाची पाळी आली, आणि मी—”

“तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलास.”

“हो. मदतीला. तिने नाव टाइप केलं. आणि पडद्यावर—”

“चुकीचा आकडा आला.”

“हो. सगळे बघत होते. अध्यक्ष शेजारच्यांना काहीतरी विचारत होते. तिचा चेहरा—”

“तुझा.”

“काय?”

“चेहरा तुझा पडला.”

“...असेल. मी वाकून तिला म्हटलं, ज्योत्स्ना, जरा—”

“सरक.”

“हो. सरक म्हटलं. आणि तिने लिहिलेलं ते लांबलचक सगळं—”

“पुसलंस.”

“त्याच्या जागी एक—”

“एक तयार ओळ टाकलीस. दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेली.”

“बाई, मी सांगतोय ना!”

शार्दूलचा आवाज चढला होता. बाईंपुढे आपला आवाज चढला, हे त्याला चढल्यावर कळलं.

“सांग की,” बाई म्हणाल्या.

“पण तुम्ही मध्ये मध्ये...”

“काही चुकीचं बोलले का?”

“चुकीचं नाही. पण...”

“एखादा तरी शब्द इकडचा तिकडे?”

“नाही.”

“मग अडलं कुठे? पुढे बोल.”

शार्दूलने तोंड उघडलं. पुढे बोलायला काही उरलं नव्हतं.

...

बाहेर कुणीतरी सायकलवरून ‘मीठ, खडेमीठ’ ओरडत गेलं. तो आवाज आळीच्या टोकाला जाऊन विरला.

“दोन आलं,” शेवटी शार्दूल म्हणाला. आता तो खाली बघत होता. “पडद्यावर दोन आलं. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी तिला गुलाबाचं फूल दिलं.”

“घेतलं तिने?”

“घेतलं. अध्यक्षांच्या पाया पडली. मला वाटलं, खूश आहे.”

“आणि पुढच्या रविवारी?”

“नाही आली. मग बाजारात दिसली एकदा, आईबरोबर. मी विचारलं, येत नाहीस? तर म्हणाली, सर, झालं की ते. मी म्हटलं, दुसरं काहीतरी घे, एखादा खेळ बनव. तर म्हणाली, बघते.”

आपल्याकडे ‘बघते’ म्हणजे काय, ते स्थळं घेऊन जाणाऱ्यांना विचारावं. शार्दूलने मात्र ते शब्दशः घेतलं होतं आणि दोन रविवार दाराकडे बघत काढले होते.

“चिडली होती का?” बाईंनी विचारलं.

“तेच तर. चिडली असती तर समजूत काढली असती. हसून बोलली. आईला म्हणाली, हे आमचे सर. हसून बोलली, बाई...”

त्याचं वाक्य या वेळी बाईंनी पुरं केलं नाही. ते तसंच राहिलं.

थोड्या वेळाने शार्दूल सावरून बसला. पिशवीतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला. त्याच्या बोलण्यात पुन्हा थोडा जोर आला.

“मी एक केलंय. तिचा प्रोग्राम मला बराचसा आठवत होता. मागे उभा राहून बघायचो ना मी. तर तो मी पुन्हा लिहून काढला. काल पूर्ण झाला. तिला नेऊन देणार आहे. म्हणजे तिचं तिला परत मिळेल.”

बाईंनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि लॅपटॉप जवळ घेतला. सावकाश, ओळीवर ओळ, त्यांनी सगळं वाचलं. तंत्रनिकेतनात वाचायच्या तसंच. शार्दूल वाट बघत राहिला. इतकी वर्षं होऊनही त्याला शाबासकीची वाट बघता यायची.

“छान लिहिलंयस,” त्या म्हणाल्या.

शार्दूलच्या चेहऱ्यावर उजेड आला.

“चालतो?”

“चालतो. दोन येतं.”

“तिचा चालत होता?”

“नाही ना. पाय मोडलेलं एक अक्षर पुढच्याला जोडायचं, एवढं तिने बरोबर लिहिलं होतं. पण ‘त्स्ना’मध्ये दोन पाय मोडलेले आहेत, एकामागे एक. ‘त’ने ‘स’ला धरलं, पण ‘स’ने ‘न’ला धरायचं राहून गेलं. तेवढं मी दुरुस्त केलं. आणि जरा नीटनेटकंही केलं. तिने एकच गोष्ट चार ठिकाणी लिहिली होती.”

“म्हणजे तिच्या चुका यात नाहीत.”

“नाहीत.”

“एकही?”

“एकही नाही, बाई.”

“मग हा तिचा कसा?”

शार्दूलने स्क्रीनकडे पाहिलं. उजेड अजून त्याच्या चेहऱ्यावर होता, पण आता तो नुसता लॅपटॉपचा होता.

त्याने झाकण मिटलं.

“खरा तर आता कुठेच नाही,” तो हळूच म्हणाला. “वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर मी तिचं काढून माझं सेव्ह केलं. तिच्या घरी कॉम्प्युटर नाही. मी सगळं हुडकून पाहिलं. दोन दिवस हुडकत होतो...”

बाई पुन्हा वालांकडे वळल्या. ताट भरत आलं होतं. त्यांनी एक दाणा उचलला आणि तसाच हातात ठेवला.

“त्या दिवशी तिचं उत्तर काय आलं होतं रे?”

“चुकीचं.”

“आकडा विचारला.”

“तीन.”

“आणि पहिल्या दिवशी?”

“दहा.”

बाईंनी चष्मा काढला.

“दहावरून तीनवर आली होती...”

त्या हे शार्दूलला म्हणाल्या नाहीत. समोरच्या भिंतीला म्हणाल्यासारखं म्हणाल्या. पण शार्दूलने ते ऐकलं, आणि ऐकल्यावर तो पडदा, ती माणसं, तो मोठ्ठा तीनचा आकडा, सगळं त्याच्यासमोर पुन्हा उभं राहिलं. आकडा दिसल्याबरोबर तिने मागे वळून पाहिलं होतं. ती घाबरून वळली, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. आता तिचा चेहरा नीट आठवला. ती घाबरलेली नव्हती. तिचे डोळे चमकत होते. ओठ उघडले होते, ती काहीतरी सांगणार होती.

काय सांगणार होती?

“सर, आता...” एवढंच त्याला ऐकू आलं होतं. त्याच्यावर तो ‘सरक’ म्हणाला होता.

शार्दूलने डोळ्यांवरून हात फिरवला. हात पुसूनही वालाची साल बोटाला चिकटून राहिली होती, ती गालाला लागली.

“बाई...”

“बोल.”

“ती तिथेच, सगळ्यांसमोर, करून दाखवणार होती.”

बाईंनी हातातला दाणा चिमटीत फिरवला.

“एकच ओळ राहिली होती. मी एक मिनिट... अर्धं मिनिट जरी...”

बाईंनी तेही पुरं केलं नाही.

शेजारच्या घरातून भावजयीने हाक मारली, डाळिंब्या झाल्या का म्हणून. झाल्याच, असं बाई म्हणाल्या आणि हातातला दाणा तेवढाच सावकाश सोलला.

शार्दूल उठला. लॅपटॉप पिशवीत घातला. परतीची एसटी निघायला अजून अवकाश होता, पण त्याला बसवत नव्हतं. उंबऱ्याशी जाऊन तो थांबला.

“मी आता काय करू, ते तरी सांगा.”

“थांब.”

तो मागे फिरला.

“तसं नव्हे,” बाई म्हणाल्या. “जा तू. गाडी चुकेल. क्लबात थांब.”

“कधीपर्यंत?”

“ती दोनवर येईपर्यंत.”

“पण ती येतच नाही ना, बाई! निरोप धाडू का? तिच्या आईला भेटू? आजीला?”

“थांब म्हटलं. बोलाव नाही म्हटलं.”

शार्दूल उंबऱ्यावर तसाच उभा राहिला. एक पाय आत, एक पाय बाहेर. वर्गात कधीच न विचारलेला प्रश्न त्याने विचारला, कारण याचं उत्तर त्याला खरंच माहीत नव्हतं.

“आणि ती आलीच नाही तर?”

बाईंनी रिकामं पातेलं उचललं, ताट दुसऱ्या हातात घेतलं आणि आत जाता जाता म्हणाल्या,

“तर तू थांबलेला असशील.”