चुड्यातली एक बांगडी

परवा शेलारांच्या मांडवात शिरले, तर उखळापाशी दोघी कुजबुजत होत्या. "त्या सगुणा कासारणीनं म्हणे नवरीच्या चुड्यातली एक बांगडी मागं ठेवली, आणि नवरदेवाच्या नावानं जन्मभर हातात..." मला बघितलं अन् गप्प झाल्या. अर्धं ऐकून माझ्या पोटात राहतंय होय? पण सासूबाईंनी सांगितलेली पुरी गोष्ट माझ्याकडं आहे, ती ऐका.

वेशीवरची चिंच हातभर होती, त्या काळातली ही गोष्ट. सगुणा साऱ्या गावाला बांगड्या भरायची. हात असा चेपायची की रडकी पोरगीही हसत उठायची. स्वतःचे हात मात्र मोकळे. तिचा जीव हैबतीवर होता. मधे जात आडवी, मग बोलते कुणाशी? हैबतीचं लग्न गोजराशी ठरलं आणि चुडा भरायला सगुणालाच बोलावणं आलं. गोजराचा हात इवलासा. असं म्हणतात, त्या दिवशी एकही बांगडी तडकली नाही.

पुढं हैबती मीठ आणायला बैल घेऊन घाट उतरला, तो आलाच नाही. पावसाळा सरला आणि निरोप आला, नदीत वाहून गेला म्हणून. बाया गोजराच्या बांगड्या फोडायला बसल्या.

"थांबा गं," सगुणा म्हणाली. "माझ्या हातची बांगडी आहे. फुटली तरच खरं माना."

दगड घातला. बांगडी नुसती वाजली.

"काच बरी दिलीस गं," एक म्हातारी म्हणाली.

सगुणा तशीच गावदेवीपुढं जाऊन बसली. "त्याला गोजराच्या दारात आण. माझ्या नजरेला नाही पडला तरी चालेल."

देवीनं शब्द धरला. हैबती आला. सारा गाव वेशीवर धावला. सगुणा आपल्या दारातच उभी राहिली, तिच्या डोळ्यांतला उजेड पहाटेच गेला होता. असं म्हणतात, एवढ्या गर्दीतून तिनं त्याची पावलं ओळखली, आणि ती लांब जाईपर्यंत ऐकत राहिली.

पुढं ती चाचपून बांगड्या भरायची. म्हातारी होऊन गेली, तेव्हा तिला न्हाऊ घालायला गोजराच बसली. तिच्या बांगड्यांच्या टोपलीच्या तळाशी, चिंधीत एक हिरवी बांगडी निघाली. लग्नापासून आपल्या एका हातात एक कमी का, ते गोजराला तेव्हा उमगलं. ती बांगडी तिनं सगुणाच्या हातात सरकवायला घेतली. बोटांच्या पुढं जाईना. ते मापच सगुणाचं नव्हतं.

"अगं, मला सांगायचंस तरी," गोजरा म्हणाली, आणि बांगडी चिंचेला बांधून आली.

म्हणून आपल्याकडं नवरीच्या एका हातात एक बांगडी कमी भरतात. ती चिंचेवर जाते. वारा सुटला की सगळ्या मिळून किणकिणतात.

तेव्हा त्या दोघींचं निम्मं खरं. बांगडी सगुणानं ठेवली होती. घातली मात्र कधीच नाही.