मॅचच्या खापरपणजीचं नाव

एका राज्यात, ऐका हो, माणसं राहत नव्हती. शब्द राहत होते. शब्दांनाच घरं, शब्दांनाच दारं, शब्दांचीच लग्नं आणि शब्दांचेच रुसवेफुगवे. राजाचं नाव शब्दसेन. बंदराच्या अंगाला इंग्रजी शब्दांची आळी होती आणि त्या आळीत 'मॅच' नावाचे तिघे राहत. एक पैलवान; तो आखाड्यात उतरला की गावभर सामन्याची दवंडी. दुसरा त्याचा सख्खा भाऊ, रंगाला रंग जुळवणारा. त्याला विचारल्याशिवाय बायका लुगड्यावर चोळी घेत नसत. आणि तिसरी एक पोर, काडीवाली. घासली की पेटली! घरोघरची चूल तिच्या हातची.

पैलवानाचा जीव काडीवालीवर जडला, तिचा त्याच्यावर. पण घोडं पेंड खात होतं ते नावापाशी. नाव एक म्हणजे रक्त एक, अशी तिथली समजूत. नुसती समजूत असती तर कोण भीक घालतो? पण कूटभट नावाच्या मांत्रिकानं तिचा शाप करून ठेवला होता. एका नावाच्या वधूवरांनी एकमेकांना हार घातला, की दोघांचा दगड! वेशीबाहेर अशा चाळीस जोड्या उभ्या होत्या, गळ्यातल्या हारांसकट.

काडीवाली तडक राजापुढे गेली.

"महाराज, आम्ही भाऊबहीण नाही."

"पुरावा?"

"नाही."

"मग लग्नही नाही."

तेवढ्यात सिंहासनावरची साळुंकी बोलली, "राजा, या शापाला उतारा आहे. दगड पायांपासून चढतो. तो गळ्याशी यायच्या आत वधूनं भर सभेत आपलं मूळ सांगावं. आजीपासून मागची एक पिढी जरी गाळली, तरी जन्माचा दगड. पैलवानाचं मूळ दप्तरात आहे. उत्तरेच्या थंड मुलखात त्याचा आजा होता, 'बरोबरीचा सोबती'. एक नातू बरोबरीच्याशी लढतो, दुसरा बरोबरीचं जुळवतो. पोरी, तुझं मूळ कुठलं?"

"ठाऊक नाही."

"मग चढ पाठीवर." असं म्हणून साळुंकी हत्तीएवढी झाली.

पहिला समुद्र ओलांडला, द्राक्षांचा मुलूख लागला. दारात एक बाई कापूस घेऊन बसलेली, बाहेर सोसाट्याचा वारा. "या वाऱ्यात वात वळून दाखव," बाई म्हणाली. काडीवालीनं वाऱ्याकडे पाठ केली, मांडीवर वात वळली. बाई खुलली. "मी तुझी आजी. माझं नाव मेश, म्हणजे वात. पुढं जा."

दुसरा समुद्र ओलांडला, सात टेकड्यांचं नगर लागलं. तिथं एक मातीचा दिवा बोलत होता. "माझ्या चोचीतून तेल भर. थेंब सांडला तर आल्या वाटेनं परत." चोच ती केवढी, बोरूच्या टोकाएवढी! काडीवालीनं वात चोचीत सोडली आणि तिच्यावरून तेल हळूहळू उतरू दिलं. दिवा भरला. "मी तुझी पणजी, दिव्याची चोच. पुढं जा."

तिसरा समुद्र ओलांडला, ऑलिव्हच्या झाडांचं बेट लागलं. झाडाखाली एक म्हातारी, आणि तिचं नाक, अहो, ओठापर्यंत वाहतंय! "पूस," म्हातारी म्हणाली. काडीवालीला अशी किळस आली की विचारू नका. पण पैलवान डोळ्यांपुढे आला. तिनं पदर पुढे केला आणि नाक स्वच्छ पुसलं.

"गुणाची गं माझी! मी तुझी खापरपणजी. माझं नाव मिक्सा."

"म्हणजे?"

"म्हणजे शेंबूड."

"शेंबूड?"

"अगं, दिव्याच्या चोचीतून वात लोंबते ती कशी दिसते? कुणाला तरी हसू आलं, त्यानं वातीलाच शेंबूड म्हटलं, आणि नाव पडलं ते पडलं."

परतीच्या वाटेवर काडीवाली ढसाढसा रडली. आजवर स्वतःला ज्योतीच्या कुळातली समजून तोऱ्यात मिरवली, आणि कूळ निघालं हे!

मांडव सजला. सनई वाजली. अंतरपाटाआड कूटभट तिच्या कानाशी लागला, "शेवटचं नाव गिळून टाक. 'ज्योत' म्हण. कुणाला कळतंय?"

हार पडले, आणि दगड चढू लागला. दोघांचे गुडघे दगड.

"माझी आजी वात!" काडीवाली ओरडली.

कंबर दगड.

"माझी पणजी दिव्याची चोच!"

छाती दगड. आता तिसरं नाव, आणि जीभ उचलेना. पुढच्या रांगेत संस्कृतातले थोर थोर शब्द उपरणी सावरून बसलेले. पैलवानाची आत्या मान उंच करून. आता हे नाव घ्यायचं कसं? ज्योत म्हणावं? कूटभट खुणावत होता.

"बोल गं!" पैलवान कळवळून म्हणाला. "काय असेल ते बोल! मला तू हवीस, तुझ्या खापरपणजीशी का मला संसार करायचाय?"

दगड गळ्याला टेकला. काडीवालीनं डोळे मिटले आणि सारा प्राण एकवटून ओरडली, "शेंबूड! माझी खापरपणजी शेंबूड!"

काडकन दगड फुटला! दोघं मोकळी. वेशीबाहेर चाळीस जोड्यांनी एकदम श्वास घेतला आणि ती मंडळी हार सावरत मांडवात धावत आली. कूटभटाचं सारं बळ लोकांच्या लाजेवर पोसलेलं. ते सरलं तसा तो धुरासारखा विरून गेला. राजानं तिथल्या तिथं दवंडी पिटवली: नाव एक म्हणून रक्त एक नव्हे, मूळ विचारल्याशिवाय नातं ठरवू नये.

सभेत हशा पिकला होता. काडीवालीचे कान लाल, पण मान ताठ. भटजींनी पोथी उघडली, लेखणी उचलली आणि चाचरत विचारलं, "वधूचं कूळ... काय बरं लिहू?"

कुणी काही बोलायच्या आत पैलवानाची आत्या उठली. "भटजी, कान फुटले का? एवढ्या मोठ्यानं सांगितलं की आमच्या सुनेनं! शेंबूड लिहा, आणि चांगल्या ठळक अक्षरात लिहा!"

अक्षता पडल्या. राज्यात त्या दिवशी एकही चूल थंड राहिली नाही. त्यांच्या घरची वात तेवली, तशी सांगणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याचीही तेवो.