दगड खाली ठेवला तेव्हाची थाळी

गोष्ट फार जुनी, वानरं अजून माणसांशी बोलायची तेव्हाची. डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. तिथे मूल जन्मलं की दारात थाळी वाजवायचे. त्यानंतर मात्र थाळी वाजायची ती मूल चुकलं तरच. ज्यांच्या दारात वाजेल त्या आईबापांनी मान खाली घालायची, असा रिवाज होता.

गावातल्या एका घोंगड्या विणणाऱ्या बाईच्या दारात थाळी रोजचीच झाली होती. मनासारखं झालं नाही की तिची लेक जमिनीवर लोळायची, किंचाळायची, हाताला लागेल तो दगड भिरकावायची. थाळी वाजली की आईचा जीव अर्धा व्हायचा. ती धावत जाऊन लेकीच्या तोंडात गुळाचा खडा कोंबायची. लेक गप्प व्हायची आणि थाळीही.

शेवटी पाटलांनी सांगून टाकलं की जत्रेपर्यंत पोर सुधारली नाही, तर तिला नदीपलीकडे आत्याकडे धाडावं लागेल. आई रानात जाऊन ढसाढसा रडली. आपण आई व्हायच्या लायकीच्याच नाही, असं तिला वाटलं आणि ती ते मोठ्याने बोलून गेली.

वरच्या फांदीवर एक म्हातारी वानरीण बसली होती. "पहिल्या पिल्लाला मीही चावायची," ती म्हणाली. "माझ्या आईने शिकवलं तेव्हा जमलं. थाळी वाजली की गूळ मिळतो, हे तुझी लेक शिकली. तू काय शिकलीस?"

त्या दिवसापासून आई वानरिणीकडे बघून शिकायला रोज रानात जाऊ लागली. वानरिणीच्या धाकट्या पिल्लाने शेपटी ओढली की ती त्याला न चावता बाजूला बसवायची आणि ते शांत होईपर्यंत जवळच थांबायची. नीट वागलं की लगेच कुशीत घ्यायची. आईने घरी तसंच सुरू केलं. गुळाचं मडकं शिंक्यात उंच टांगलं. लेकीचा आरडाओरडा आधी दुप्पट झाला. सोडून द्यावं असं आईला कितीदा तरी वाटलं, पण तिने सोडलं नाही.

जत्रेच्या आदल्या सकाळी लेकीने शेजारणीच्या घागरीवर दगड उगारला. थाळी वाजू लागली, गाव जमलं. गूळ देऊन मिटव एकदाचं, असं पाटील म्हणाले.

आई लेकीपाशी खाली बसली. "गूळ नाही. दगड खाली ठेव. मी इथेच आहे."

लेक दगड मुठीत धरून किंचाळत राहिली. आई हलली नाही. ऊन डोक्यावर आलं. थाळी वाजवणाऱ्याचा हात दुखून थांबला. मग लेकीने हुंदके देत दगड खाली ठेवला आणि आईच्या मांडीवर डोकं टेकलं.

आईने थाळी मागून घेतली आणि स्वतःच जोरात वाजवली. आता आणखी काय चुकलं, लोकांनी विचारलं.

"काही चुकलं नाही. माझ्या लेकीने दगड खाली ठेवला," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि मान ताठ होती.

पाटलांनी आत्याचं नाव पुन्हा काढलं नाही. लेकीच्या हातात पुढेही कधीमधी दगड आला, पण तो खाली ठेवला की थाळी वाजायची. हळूहळू साऱ्या गावात मूल नीट वागलं की थाळी वाजू लागली, आणि वानरिणीच्या झाडाकडे आईबापांची पायवाट पडली.

तात्पर्य: मुलाला वळण लावायचं तर आईबापांनी आधी स्वतः शिकावं, आणि शिकलेल्यावर सारं गाव जमलं तरी ठाम राहावं.